मॅदर कॅम्पग्राउंडवरची एक रात्र : ट्रॅव्हल ट्रेलरला लिथियम बॅटरी बसवण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ॲरिझोनात फीनिक्सजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. मी पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, या घरी माझं येणं-जाणं आहे, आणि बॅटरीचं सगळं काम त्या घरातल्या मुलाने आणि मी मिळून केलं. काकू, त्यांचा मुलगा आणि सून अशीच माणसांची ओळख पुढे येईल.

मुलाकडे २४ फुटी, दोन ॲक्सलचा, सेकंडहँड घेतलेला ट्रेलर आहे. ओढायला पिकअप ट्रक. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर गॅसच्या दोन टाक्या आणि त्यांच्या मागे काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात १२ व्होल्टची एकच लेड-ॲसिड बॅटरी, साधारण ८० ॲम्पिअर-अवरची, म्हणजे एक ॲम्पिअर प्रवाह ८० तास देईल इतकी. छतावर १०० वॉटचं एक सोलर पॅनल. फ्रीज गॅसवर चालणारा. थंडीसाठी फर्नेस, तोही गॅसचाच. पण गरम हवा खोलीत ढकलणारा त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो. ट्रेलर घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हे ध्यानातच येत नाही. गॅसच्या दोन टाक्या भरलेल्या असल्या की रात्रीची काळजी मिटली असं वाटतं.

तीन वर्षं हे कुटुंब नेहमी विजेची जोडणी असलेल्या जागीच मुक्काम करायचं. खांबाला प्लग लावला की ट्रेलरचं घर होतं. त्यामुळे बॅटरी चांगली आहे की वाईट, हे कळायची वेळच आली नव्हती.

ऑक्टोबरात काकू सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. वय ७१. त्यांना स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत घशाची वाट मिटून श्वास अडतो. रात्री त्या सीपॅप लावून झोपतात. मास्कमधून येणारा हवेचा दाब ती वाट उघडी ठेवतो. त्यांची एकच मागणी होती : ग्रँड कॅन्यनच्या काठावर पहाट बघायची. हॉटेलात नको, ट्रेलरमध्येच राहायचं.

त्या रात्री काय झालं

नोव्हेंबरात व्हेटरन्स डेला जोडून सुट्टी काढली. साउथ रिमवर, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, विजेची जोडणी असलेल्या जागा ट्रेलर व्हिलेजमध्ये आहेत, त्या कधीच भरून गेल्या होत्या. कुणीतरी रद्द केलेली एक जागा मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये मिळाली. मॅदरमध्ये जागा सुंदर, पाइनच्या झाडांत, पण विजेचा खांब नाही. मुलाने विचार केला, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, बॅटरी आहे, सोलर आहे.

फीनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आणि साउथ रिम सुमारे २१०० मीटरवर. सकाळी घरी अर्ध्या बाह्यांत चहा घेतला होता. रात्री कॅन्यनच्या काठावर पारा शून्याखाली चार अंशांवर गेला. फर्नेस नऊपासून सतत चालू-बंद होत होता. सीपॅप ३०० वॉटच्या एका साध्या इन्व्हर्टरवर लावलं होतं, आणि तो इन्व्हर्टर सिगरेट लायटरसारख्या सॉकेटमध्ये.

पावणेतीनच्या सुमारास इन्व्हर्टर टीं-टीं करू लागला आणि बंद पडला. मास्कमधली हवा थांबली, काकू दचकून उठल्या. सुनेने टॉर्च लावला तेव्हा फर्नेसचा पंखा फिरत होता, पण दम लागल्यासारखा, घरघरत. बर्नर मात्र पेटत नव्हता. फर्नेसमध्ये हवेच्या झोताने दाबला जाणारा एक छोटा स्विच असतो. पंख्याला पुरेसा वेग आला नाही तर तो स्विच जुळत नाही आणि गॅस सुटत नाही. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा की बॅटरी मेली की टाकीभर गॅस असूनही थंडीच.

जनरेटर होता, पण रात्री तो लावायला तिथे बंदी. काकू गोधडी गुंडाळून पलंगावर टेकून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘‘तू झोप गं, मला तशीही चारला जाग येते.’’ सून झोपली नाही. दोघी उजाडेपर्यंत बसून होत्या. सकाळी काठावर जाऊन आल्या आणि ठरलेला पुढचा मुक्काम सोडून सगळे घरी परतले.

हिशेब

पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला : ‘‘दादा, लिथियम बॅटरी घ्यायची आहे, कुठली घेऊ?’’ मी म्हटलं, आधी वही घे. बॅटरी किती मोठी हवी हे दुकानातल्या पाटीवरून ठरत नाही, रात्रीत किती खर्च होतो यावरून ठरतं.

फर्नेसचा पंखा मोजला तर साडेसात ॲम्पिअर खात होता. कडाक्याच्या थंडीत दहा तासांच्या रात्री तो निम्मा वेळ तरी चालणार, म्हणजे ३७ ॲम्पिअर-अवरच्या आसपास. सीपॅपचा आकडा बघून मुलगा चकित झाला. मशीनची मोटर फारसं काही खात नाही. खातं ते हवा दमट करणारं तापतं पाणी आणि गरम होणारी नळी. ते दोन्ही चालू ठेवून, वर इन्व्हर्टरमधला अपव्यय धरून तासाला पाच ॲम्पिअर, आठ तासांत चाळीस. गॅसगळतीचा डिटेक्टर, फ्रीजचं सर्किट, पंप, दिवे यांचे दहा. एकूण ८७.

आणि बॅटरी ८० ची, तीही कागदावर. लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरायचे धरायचे चाळीस. शिवाय ती तीन उन्हाळे फीनिक्सच्या उन्हात उघड्यावर बसली होती. झाकणं उघडली तेव्हा सहापैकी दोन कप्प्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं दिसलं. ती बॅटरी पावणेतीनपर्यंत टिकली हेच पुष्कळ.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काहीच विकत न घेण्याचा : यापुढे विजेची जोडणी असेल तिथेच जायचं. मी तो गंभीरपणे मांडला, कारण वर्षातून दोनदा होणाऱ्या सहलीसाठी हजार-बाराशे डॉलर घालणं प्रत्येकाला परवडावं असं नाही. पण अशा जागा राष्ट्रीय उद्यानांत थोड्या असतात आणि काही महिने आधी भरतात. काकूंच्या सहा महिन्यांत ते जमणं कठीण होतं.

दुसरा, दोन सहा-व्होल्टच्या गोल्फ कार्ट बॅटऱ्या एकापुढे एक जोडण्याचा. त्यातून सव्वादोनशे ॲम्पिअर-अवर मिळतात, वापरायचे निम्मे. जुना, खात्रीचा मार्ग आहे आणि अजूनही स्वस्त पडतो. पण दोन्ही मिळून पंचावन्न-साठ किलो वजन ट्रेलरच्या नाकावर येतं, पाणी बघावं लागतं, आणि शेवटचा पाव भाग भरायला तासन्‌तास लागतात. जनरेटर सकाळी दोन तासच लावता येत असेल तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जड पडतो.

तिसरा, फक्त सीपॅपसाठी वेगळा छोटा पॉवर स्टेशनचा डबा, म्हणजे सॉकेट असलेली, उचलून नेता येणारी बॅटरी. माझं मत याच बाजूला झुकत होतं. पण त्याने फर्नेस चालत नाही. श्वास चालू आणि खोली शून्याखाली, हे काही उत्तर नव्हे.

चौथा लिथियम. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, फोनमधली जात नव्हे. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट. १०० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीचं वजन बारा किलोच्या आत-बाहेर, आणि शंभरातले ऐंशी-नव्वद निर्धास्त वापरता येतात. जनरेटर देईल तेवढा प्रवाह ती जवळजवळ शेवटपर्यंत घेत राहते.

मग अडचण काय? लेड-ॲसिड मरताना सांगते. दिवे मंद होतात, पंखा घरघरतो, तास-दीड तास आधी चाहूल लागते. लिथियमच्या पोटात बीएमएस नावाचं रक्षक सर्किट असतं. व्होल्टेज फार उतरलं, प्रवाह फार वाढला किंवा तापमान मर्यादेबाहेर गेलं की ते बॅटरी तोडून टाकतं. त्या क्षणापर्यंत दिवे लख्ख असतात, पुढच्या क्षणी सगळं काळोखात. ज्या ट्रेलरमध्ये कुणी मशीनच्या आधाराने झोपतं, तिथे या एका फरकाभोवती सगळी मांडणी करायला हवी, असं मी त्या दिवशी म्हटलं. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिथूनच आले.

शेवटी १०० च्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या. एकूण खर्चात त्यांचा वाटा निम्म्याहून कमी निघाला. बाकीचा पैसा चार्जिंग, फ्यूज आणि तारांत गेला. फक्त बॅटरीची किंमत बघून ‘परवडतं’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच धरून चालावी.

मोठा इन्व्हर्टर घ्यायचा का

सुनेची इच्छा होती की इंडक्शन शेगडी आणि मिक्सर दोन्ही चालावेत. त्यासाठी २००० वॉटचा इन्व्हर्टर लागला असता. पूर्ण भारावर तो १२ व्होल्टच्या बाजूने पावणेदोनशे ॲम्पिअर ओढतो. प्रत्येक बॅटरीचं बीएमएस १०० ॲम्पिअरवर तोडणारं. दोघींत भार थोडा जरी असमान वाटला गेला तर एक सुटते, सगळा भार दुसरीवर येतो आणि तीही सुटते. काळोख.

मी विरोध केला. ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी आहेच. अडला होता तो मिक्सर, कारण खोबऱ्याची ओली चटणी काकूंना रोज लागते. मग १००० वॉटचा प्युअर साइन, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, इन्व्हर्टर घेतला. अमेरिकेतला ११० व्होल्टचा, साडेपाचशे वॉटचा मिक्सर त्यावर सहज चालतो. तो दोन मिनिटं लावायचा आणि इन्व्हर्टर बंद करून ठेवायचा, कारण काही न चालवताही तो तासाला एखादा ॲम्पिअर पितो.

सीपॅप मात्र इन्व्हर्टरवरून पूर्ण काढलं. बहुतेक मशीनांना १२ व्होल्टवर चालायचं वेगळं ॲडॅप्टर मिळतं. आधी १२ चे ११० करायचे आणि मशीनच्या मूळ ॲडॅप्टरने पुन्हा ते उतरवायचे, हा दुहेरी तोटा गेला. पलंगाजवळ जाड तारेचं, स्वतंत्र फ्यूजचं सॉकेट बसवलं. पाणी तापवण्याची पातळी कमी करता येईल का, हे मुलाने काकूंच्या डॉक्टरांना विचारलं, परस्पर ठरवलं नाही. ॲरिझोनाची हवा कोरडी, ओलावा पूर्ण बंद केला तर घसा सुकून मास्क काढून टाकावासा वाटतो. डॉक्टरांनी एक पातळी खाली आणायला आणि नळीची गरमी बंद करायला हरकत घेतली नाही. तासाचे पाच ॲम्पिअर अडीचवर आले. इतकी मोठी बचत दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने झाली नाही, आणि तिला ॲडॅप्टरपलीकडे खर्चही नव्हता.

बॅटरी कुठे ठेवायची

लिथियम आयर्न फॉस्फेट शून्य अंशाखाली वापरता येते, पण भरता येत नाही. गारठलेल्या सेलमध्ये प्रवाह ढकलला की लिथियम धातूचा थर आत साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून बीएमएस थंडीत चार्जिंग रोखून धरतं. बॅटरी नाकावर उघड्यावर ठेवली तर साउथ रिमच्या सकाळी जनरेटरचे दोन तास वाया जाणार. स्वतःला गरम ठेवणाऱ्या बॅटऱ्या मिळतात, पण उघड्यावर ठेवल्या तर फीनिक्सचा उन्हाळा त्यांनाही सोसणारा नाही.

लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती राहत्या जागेत ठेवत नाहीत. लिथियमला ती अट नाही. पुढच्या पलंगाखाली आरपार सामानाचा कप्पा आहे, तिथे लाकडी चौकट करून दोन्ही बॅटऱ्या पट्ट्यांनी आवळल्या. जोडण्यापूर्वी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरून घेतल्या, मगच समांतर जोडल्या. दोन्ही जोडतारा सारख्या लांबीच्या, धन टोक एकीवरून आणि ऋण टोक दुसरीवरून बाहेर काढलं. धन टोकाला लगेच मोठा फ्यूज, कारण शॉर्ट झाल्यावर या बॅटऱ्या हजारो ॲम्पिअर देऊ शकतात आणि साधा फ्यूज वितळला तरी त्यातली ठिणगी तुटत नाही.

वजनाचाही प्रश्न होता. हिचवर, म्हणजे ट्रेलर ट्रकला अडकतो त्या जोडावर, ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा, कमी झाला तर ट्रेलर मागे डोलू लागतो. इथे तेवीस किलोची एक जुनी बॅटरी निघाली आणि तेवढ्याच वजनाच्या दोन नव्या जरा मागे गेल्या. हिचवरचा भार चार-पाच किलोच हलला. गोल्फ कार्टच्या जड बॅटऱ्या काढून मागे लिथियम बसवणाऱ्याने मात्र हा भार मोजूनच रस्त्यावर निघावं.

ब्रेकअवेची तार : माझी चूक

ट्रेलर ट्रकपासून चालत्या रस्त्यात सुटला तर एक पातळ तार ताणली जाते, खटक्यातून पिन निघते आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक आपोआप लागतात. ही सोय म्हणजे ब्रेकअवे. त्या ब्रेकना वीज मिळते ती ट्रेलरच्या बॅटरीकडून. नाकावरची बॅटरी बिछान्याखाली नेताना मी एक मोठा बंद-चालूचा स्विच बॅटरीलगत घातला, आणि ब्रेकअवेला वीज देणारी तार इतर तारांबरोबर त्या स्विचच्या पलीकडच्या बोल्टवर कसून टाकली. म्हणजे स्विच बंद असताना ब्रेकला वीज नाही.

हे उघड झालं ते ड्राइव्हवेमध्ये. तारांच्या कामासाठी स्विच बंद केला होता. तपासणी म्हणून ट्रककडून ट्रेलरला वीज नेणारा सात-पिनांचा प्लग काढला, ब्रेकअवेची पिन उपसली आणि मुलाला ट्रक इंचभर पुढे घ्यायला सांगितलं. चाकं जागीच घसटायला हवी होती. ती शांतपणे फिरली. मी खाली बसून चाकाकडे बघत होतो आणि काही वेळ मला बोलता आलं नाही. पुढचा पंधरवडा तपासणी झाली नसती तर हा ट्रेलर आय-१७ महामार्गाच्या उतारावर तसाच गेला असता.

तार थेट बॅटरीच्या टोकाला हलवणं हा एक उपाय होता. पण बीएमएसने काही कारणाने बॅटरी तोडलेली असेल तर? तोच प्रश्न, वेगळ्या वेषात. शेवटी घोडे नेणाऱ्या छोट्या ट्रेलरांवर असतो तसा ब्रेकअवेचा स्वतंत्र संच नाकावर बसवला : ५ ॲम्पिअर-अवरची छोटी सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, ट्रककडून भरणारा तिचा चार्जर आणि तपासायचं बटण. चार चाकांचे ब्रेक मिळून सुमारे बारा ॲम्पिअर घेतात. पंधरा मिनिटं ब्रेक धरून ठेवायला तीन ॲम्पिअर-अवर लागतात. छोटी बॅटरी पुरते, आणि मोठीला काहीही झालं तरी ती आपल्या जागी असते.

चार्जिंग : पुढे ढकललेलं काम

ट्रेलरमधला मूळ कन्व्हर्टर, म्हणजे ११० व्होल्टवरून बॅटरी भरणारं यंत्र, १३.६ व्होल्टवर थांबणारा होता. लिथियमला १४.२ ते १४.६ लागतात. १३.६ वर ती बिघडत नाही, सावकाश भरतही जाते. पण सेल एका पातळीला आणण्याचं काम बीएमएस वरच्या व्होल्टेजलाच करतं, ते कधी सुरूच होत नाही. मुलगा म्हणाला, ‘‘दादा, हा खर्च पुढच्या वर्षी करू.’’ मी हो म्हटलं. म्हणायला नको होतं.

भिंतीवरचे चार दिव्यांचे बॅटरीदर्शक व्होल्टेज बघून सांगतात. लिथियमचं व्होल्टेज ऐंशी टक्के आणि चाळीस टक्के यांत जेमतेम एक-दोन दशांशांनी हलतं, त्यामुळे ते दिवे निरुपयोगी. म्हणून ऋण तारेत शंट घातला होता. गेलेला-आलेला प्रत्येक ॲम्पिअर तो मोजतो. पण शंटला अधूनमधून ‘आता शंभर टक्के’ हे कळावं लागतं, आणि ते त्याला १४.२ व्होल्ट दिसल्यावरच कळतं. १३.६ च्या कन्व्हर्टरवर तो क्षण आलाच नाही. तीन आठवड्यांत शंट ९८ दाखवत होता. बाहेरच्या चार्जरने खरोखर भरायला घेतल्या तर आणखी सव्वीस ॲम्पिअर-अवर आत गेले. म्हणजे खरे होते ८७. ज्या आकड्यावर रात्रभर विसंबायचं तोच अकरा टक्क्यांनी खोटा होता. फेब्रुवारीत कन्व्हर्टर बदलला, ५५ ॲम्पिअरचा लिथियमचा घातला. सोलरच्या कंट्रोलरची सेटिंग्जही बदलली आणि त्याचं इक्वलायझेशन, म्हणजे लेड-ॲसिडला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, बंद केलं.

ट्रककडून येणारी तार हा वेगळाच विषय निघाला. रिकामी लिथियम बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते, बारीक तार आणि फ्यूज ते सोसत नाहीत. मधे डीसी-टू-डीसी चार्जर घातला, २० ॲम्पिअरचा. ट्रककडून येणारा प्रवाह तो मर्यादेत ठेवतो. फेब्रुवारीच्या चाचणी सहलीत आय-१७ चा घाट चढून सनसेट पॉइंटच्या थांब्यावर उतरलो आणि मी सात-पिनांच्या प्लगला हात लावला. बोटाला चटका बसला, प्लॅस्टिकला गरम वास येत होता. २० ॲम्पिअर बाहेर द्यायला चार्जर आत पंचवीसच्या वर घेत होता, आणि ती तार, तो प्लग इतक्या सलग भाराचे नव्हतेच. चार्जर अर्ध्या क्षमतेवर आणला. आता फीनिक्स ते साउथ रिम या चार-साडेचार तासांत चाळीसेक ॲम्पिअर-अवर भरतात, आणि प्लग कोमट राहतो.

निकाल

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, काकू परतण्याच्या आधी, पुन्हा मॅदर. रात्री पारा शून्याखाली पाचवर. नऊ वाजता शंटवर ९२ टक्के, सकाळी सातला ५६. म्हणजे बहात्तर ॲम्पिअर-अवर गेले. हिशेबात सत्तर धरले होते. फर्नेस रात्रभर चालला. काकू साडेपाचला आपणहून उठल्या, मास्क काढला, आणि सगळे पहाट बघायला गेले. मी सोबत नव्हतो. मुलाने तिथून शंटचा फोटो पाठवला आणि त्याखाली काकूंचा, स्वेटरवर शाल, मागे तांबूस झालेली दरी.

दुसऱ्या सकाळी एक अडचण आली. सुनेने जनरेटर लावण्याआधी ॲपमध्ये बॅटरीचं तापमान पाहिलं : ३ अंश, चार्जिंगच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेलं. पलंगाखालचा कप्पा ट्रेलरच्या आत असला तरी फर्नेसची गरम हवा तिथे पोचत नव्हती, आणि सामानाच्या बाहेरच्या दारांतून गारवा येत होता. तिने पलंगाची फळी उचलून ठेवली, फर्नेस वाढवला, तासाभराने ९ अंश दिसल्यावर चार्जिंग सुरू केलं. उरलेल्या तासात पन्नासेक ॲम्पिअर-अवर आत गेले. लेड-ॲसिडने इतक्या वेळात याच्या निम्मेही घेतले नसते. पाइनच्या सावलीत सोलरने दिवसभरात जेमतेम पंधरा दिले. तिचा हा निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. कुणी सांगितलं नव्हतं, तिने आकडा वाचला आणि थांबली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवशीच एक छोटा, वेगळा सीपॅपचा बॅटरी-डबा घेऊन काकूंच्या उशाशी ठेवायला हवा होता. तो आम्ही मार्चच्या सहलीआधी घेतला, तोही मी हट्ट धरल्यावर. दोनशे ॲम्पिअर-अवर असताना हा कशाला, असं मुलाला वाटत होतं. पण दोनशे असले तरी ते एकाच शंटमागे, एकाच फ्यूजमागे आहेत. श्वासाचं मशीन एकाच वाटेवर सोडू नये, यावर मी आजही ठाम आहे. शंटचा भोंगा ३० टक्क्यांवर लावला आहे, म्हणजे काळोखाआधी काही तास हातात राहतात.

कन्व्हर्टर बॅटरीबरोबरच बदलायला हवा होता. पैसे कमी असतील तर एक बॅटरी कमी घ्यावी. अर्धवट भरणाऱ्या दोनपेक्षा नीट भरणारी एक बरी. पलंगाखाली दोन जाळ्या कापून गरम हवेची वाट करायला हवी होती, ते आता झालं आहे.

उन्हाळ्याचा विचारही आम्ही उशिरा केला. जुलैत फीनिक्समध्ये पारा ४३ च्या वर जातो आणि बंद ट्रेलरच्या आत त्याहून कितीतरी जास्त. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी उष्णतेत पडून राहिली तर तिची क्षमता लवकर झिजते. मे संपताना दोन्ही बॅटऱ्या निम्म्यावर आणून, तारा काढून घरात आणल्या. प्रत्येकी साडेअकरा किलो, सुनेने एका वेळी एक उचलून आणली. कोठीच्या कपाटात, तांदळाच्या डब्याशेजारी त्या आहेत.

एक काम अजून बाकी आहे. ट्रककडून ट्रेलरला जाड तांब्याची स्वतंत्र तार आणि वेगळा प्लग टाकायचा आहे, म्हणजे चार्जर पूर्ण २० ॲम्पिअरवर चालेल. काकू ऑक्टोबरात पुन्हा येणार आहेत, तार सप्टेंबरात ओढायची ठरली आहे. निघण्याआधी ब्रेकअवेचं बटण दाबून बघायचं काम मार्चपासून काकूंकडेच आहे. हिरवा दिवा लागला की त्या ट्रकच्या काचेवर दोनदा टकटक करतात, मगच मुलगा गाडी सुरू करतो.